स्वित्झर्लंड हवे, गावसभा नको!

हिमालयातील एखादे रम्य स्थळ लोकांच्या नजरेत भरवावयाचे झाले म्हणजे त्यास 'भारताचे स्वित्झर्लंड' म्हणावे, अशी आपल्याकडे रूढीच पडून गेली आहे. काश्मिरातील गुलमर्ग, हिमाचलातील खज्जियार, कुमाऊंतील कौसानी यांस हे बिरुद पूर्वीच प्राप्त झालेले आहे. आणि उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यातील औली या बर्फाच्या उतारालाही ते आता असे चिकटले आहे की, सहलींच्या जाहिरातींत औलीचे नाव त्यावाचून क्वचितच आढळते. देश एवढासा, पण हिमालयात तो इतक्या ठिकाणी कसा मावतो याचे आम्हांस नेहमी नवल वाटते! केवळ विशेषणाचाच प्रश्न असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु या विशेषणाच्या आडोशाने औलीत व औलीखाली वसलेल्या जोशीमठात गेल्या पन्नास वर्षांत जे घडले ते पाहता, या उपमेचा एकदा नीट हिशेब मागणे प्राप्त आहे.

या उपमेच्या पाठीशी जो युक्तिवाद उभा असतो तो वरवर पाहता मोठा सयुक्तिक दिसतो. पहाडी मुलूख दरिद्री. शेती म्हणजे डोंगराच्या अंगावर कोरलेल्या चार पायऱ्या. तरुण मंडळी चाकरीसाठी मैदानातील शहरांत उतरतात आणि मागे म्हातारी माणसे, बायका व कुलुपे लावलेली घरे उरतात. अशा मुलखाजवळ परमेश्वराने दिलेले एकच भांडवल आहे व ते म्हणजे बर्फ. तेव्हा त्या बर्फावर घसरण्याचा खेळ मांडावा, वर जाण्यास रोपवे उभारावा, मुक्कामास हॉटेले बांधावी, आंतरराष्ट्रीय सामने भरवावे. म्हणजे वर ओतलेला पैसा आपोआप खाली गावापर्यंत पाझरत येईल. औलीच्या बाबतीत पैसा किती पाझरला हा वादाचा विषय होऊ शकेल. पाणी मात्र खचित पाझरले.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. स्कीच्या खेळाशी आमचे भांडण नाही. लांब पट्ट्या पायांस बांधून बर्फाच्या उतारावरून वाऱ्याच्या वेगाने खाली येण्यात जे धाडस व जो आनंद आहे तो ज्यास मानवतो त्याने अवश्य घ्यावा. सीमेवरील जवानांस तर ती विद्या आवश्यकच आहे, आणि औलीत भारत-तिबेट सीमा पोलिसांची गिर्यारोहणाची व स्कीची जी संस्था आहे तिचे कार्य कोणीही वाखाणावे असेच आहे. पर्यटनाशीही आमचे वैर नाही. डोंगरावर काय बांधावयाचे हे डोंगरावर राहणाऱ्यास न विचारता ठरवावे, आणि ते ठरविल्यावर त्याने कृतज्ञ राहावे अशी अपेक्षा करावी, या पद्धतीशी आमचे भांडण आहे.

ज्यांनी तो प्रदेश पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द भूगोलाचे सांगितले पाहिजेत. अलकनंदा व धौलीगंगा यांचा संगम विष्णुप्रयागास होतो. त्याच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, जोशीमठ हे गाव उतारावर पसरले आहे. आणि तोच उतार चढून आणखी दोन ते चार हजार फूट वर गेले की औलीचे बुग्याल लागते. बुग्याल म्हणजे उन्हाळ्यात गवताने व फुलांनी आणि हिवाळ्यात बर्फाने झाकले जाणारे डोंगरमाथ्यावरचे कुरण. म्हणजे औली व जोशीमठ ही दोन निराळी स्थळे नव्हेत. एकाच डोंगराचा तो खांदा आणि हे पोट. खांद्यावर पडलेला पाऊस व वितळलेले बर्फ पोटातूनच वाट काढीत नदीस मिळते. ज्योतिर्मठ तो हाच, आद्य शंकराचार्यांनी स्थापिलेला, अशी परंपरा आहे. बदरीनाथाची कवाडे हिवाळ्यासाठी मिटली म्हणजे शंकराचार्यांची गादी येथल्या नृसिंहमंदिरात येऊन राहते, आणि महाराष्ट्रातून बदरीनाथास गेलेल्या यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्यांनी याच गावी पाठ टेकली आहे. छावणी, बाजारपेठ, शाळा, कचेऱ्या असा सारा गावगाडा येथे आहे. २०११ च्या खानेसुमारीत येथे १६,७०९ माणसे मोजली गेली. सहल-कंपन्यांच्या नकाशावर मात्र या गावाचे नाव 'औलीस जाण्याचा रोपवे जेथून सुटतो ते ठिकाण' एवढ्यापुरतेच उरले होते.

या भागातील लोकांच्या उपजीविकेच्या वाटा एकामागून एक कशा बंद झाल्या हे पाहण्यासारखे आहे. नीती व माणा खोऱ्यांतील भोटिया लोक शतकानुशतके खिंडी ओलांडून तिबेटाशी व्यापार करीत. मीठ व लोकर इकडे येई, धान्य तिकडे जाई. १९६२ च्या युद्धाने तो व्यापार संपला. पुढे नंदादेवीच्या परिसरात गिर्यारोहकांच्या मोहिमा येऊ लागल्या, तेव्हा वाटाडे व हमाल म्हणून लाता, रैणी इत्यादी गावांतील तरुणांस काम मिळू लागले. १९८२ मध्ये तो परिसर राष्ट्रीय उद्यान ठरला व पाठोपाठ त्यात माणसांस मज्जाव झाला. तीही वाट बुजली. उद्यानाचा हेतू उत्तम होता यात शंका नाही. परंतु ज्यांची कुरणे व मजुरी त्या हेतूपायी गेली त्यांचे पुढे काय व्हावे याचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. अशा स्थितीत औलीचा उतार या लोकांस तारक वाटला असेल तर त्यांस कोण दोष देईल? त्यांच्यातील तरुण स्की शिकले व शिकवू लागले. कोणी घोडी ठेवली, कोणी चहाची टपरी घातली, कोणी कर्ज काढून घरावर दोन खोल्या चढविल्या. बाहेरच्या माणसाने बर्फ पाहावयास यावे अशी त्यांची इच्छा होती व आजही आहे. पहाडी लोक विकासाचे शत्रू आहेत हा जो प्रवाद अधूनमधून उठविला जातो तो धादांत खोटा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जोशीमठ ज्यावर उभे आहे तो अखंड कातळ नाही. फार प्राचीन काळी कोसळलेल्या दरडीचा वाळू-दगडांचा जो ढीग उतारावर अडकून राहिला त्यावर हे गाव वसले आहे. हा शोध काही परवाचा नाही. जमीन खचण्याच्या तक्रारी येऊ लागल्या तेव्हा १९७६ साली, म्हणजे हा मुलूख उत्तर प्रदेशात होता त्या काळी, गढवालचे आयुक्त महेशचंद्र मिश्र यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच एक समिती नेमली होती. तिने सांगितले ते थोडक्यात असे: जमीन किती भार सोसते याची परीक्षा केल्यावाचून येथे जड बांधकाम करू नये, उतारात रुतलेले मोठाले धोंडे खणून किंवा सुरुंग लावून काढू नयेत, कारण त्यांच्याच आधारावर वरची माती तगून आहे, झाडे तोडू नयेत, उलट उतारांवर झाडे व गवत लावावे, पावसाचे व सांडपाण्याचे पाणी जमिनीत मुरू न देता पक्क्या गटारांतून बाहेर काढावे, आणि नदी जेथे पायथा पोखरते तेथे तो बांधून काढावा. यात अवघड असे काय होते? एखाद्या शहाण्या गवंड्याने आपल्या गिऱ्हाइकास सांगावे तितक्या साध्या या गोष्टी आहेत. ऐंशी मजली मनोरा बांधा असे समितीने म्हटले नव्हते. गटार बांधा असे म्हटले होते.

ते बांधले गेले नाही. पन्नास वर्षांच्या आत रोपवे झाला, सुमारे चार किलोमीटर लांबीचा. रस्ते झाले, विश्रामगृहे झाली, बहुमजली हॉटेले झाली. कृत्रिम तळे झाले. परंतु जोशीमठातील बहुतेक घरांचे सांडपाणी शोषखड्ड्यांत जाऊन त्याच भुसभुशीत ढिगात मुरत राहिले. गटाराचे उद्घाटन करावयास मंत्री येत नाहीत आणि गटाराची छायाचित्रे जाहिरातीत शोभत नाहीत, हे त्याचे कारण असावे. (जून २०२४ मध्ये गावाचे सरकारी नाव बदलून 'ज्योतिर्मठ' करण्यास मात्र मंजुरी मिळाली. जुन्या नावाबद्दल आम्हांस आदर आहे; पण मोऱ्यांच्या आधी पाटी बदलली हे लपत नाही.)

कृत्रिम तळ्याची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांचा पहिला मेळावा देहरादून व औली येथे भरला. सामन्यांसाठी बर्फ हमखास हवे. आणि ते आकाशातून हमखास पडेलच असा भरवसा कोणी देईना. म्हणून बर्फ पाडणारी यंत्रे आणली गेली, व त्या यंत्रांस पाणी पुरवावे म्हणून माथ्यावर तळे खोदले गेले. ज्या गावास 'पाणी मुरू देऊ नका' असे पस्तीस वर्षांपूर्वी बजावले होते, त्याच गावाच्या डोक्यावर पाणी साठवून ठेवण्याची ही कल्पना! त्या तळ्यानेच गाव खचले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. आम्ही विचारतो ते इतकेच की, तळे खणण्यापूर्वी खाली राहणाऱ्या सोळा हजार माणसांपुढे हा प्रश्न कोणी मांडला होता काय? यंत्रांचाही उपयोग व्हावा तसा झाला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये औलीत ठरलेले राष्ट्रीय सामने बर्फ पुरेसे नाही म्हणून रद्द करावे लागले. हिवाळे उबदार होत चालले आहेत; आणि एकाच पिकावर सारे घर चालविणाऱ्या शेतकऱ्याची जी गत होते तीच एका खेळावर गाव चालविणाऱ्यांची होईल, हे समजण्यास हवामानशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि बर्फ नसेल तेव्हा औलीचा उपयोग काय करावा याचेही उत्तर आम्हांस मिळाले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास बंदी केली. त्यामुळे पाठीवर तंबू घेऊन हिंडणाऱ्या पदयात्रिकांस व त्यांच्यावर पोट असणाऱ्या गावच्या वाटाड्यांस आपला गाशा गुंडाळावा लागला. त्यानंतर वर्ष पुरते न लोटते तोच, जून २०१९ मध्ये, परदेशात गडगंज झालेल्या एका कुटुंबातील दोन विवाह औलीत लागले. खर्चाचा आकडा दोनशे कोटींचा असल्याचे वृत्तपत्रांत त्या वेळी प्रसिद्ध झाले. राज्याचे कारभारी या समारंभावर प्रसन्न होते. लग्नांसाठी जगाने आता आमच्याकडे यावे, अशी त्यांची आशा होती. न्यायालयाने तीन कोटी रुपये अनामत ठेवण्यास सांगितले, आणि पाहुणे निघून गेल्यावर शेकडो क्विंटल कचरा उचलण्याचे काम जोशीमठच्या नगरपालिकेच्या झाडूवाल्यांच्या वाट्यास आले. वाटाड्याच्या तंबूने गवत मरते आणि श्रीमंताच्या मंडपाने ते हिरवे होते, असे वनस्पतिशास्त्र आमच्या वाचनात तरी आलेले नाही.

वर खेळाचे मैदान चालू असता खाली डोंगराच्या पोटात दुसरे काम चालू होते. धौलीगंगेच्या पाण्यावर ५२० मेगावॉट वीज निर्माण करावयाची तपोवन-विष्णुगड योजना हाती घेण्यात आली असून तिचा बोगदा याच पर्वतातून जातो. २४ डिसेंबर २००९ रोजी बोगदा खणणाऱ्या अजस्र यंत्राने शेलंग गावाच्या वरच्या बाजूस डोंगरातील पाण्याचा साठा फोडला. तेथून दिवसाला सहा-सात कोटी लिटर पाणी वाहू लागले. आसपासचे झरे आटले अशी गावकऱ्यांची तक्रार होती. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंती शिखराचा कडा बर्फासह कोसळला, ऋषिगंगेला व धौलीगंगेला अकस्मात लोंढा आला, रैणीजवळचे एक वीजकेंद्र वाहून गेले, तपोवनचा बोगदा गाळाने भरला, आणि दोनशेहून अधिक माणसे, बहुतेक मजूर, मेली किंवा नाहीशी झाली. पुढे २०२३ च्या जानेवारीत जोशीमठच्या भिंती फाटू लागल्या. एका रात्रीत जमिनीतून गढूळ पाणी उसळले. शेजारची दोन हॉटेले एकमेकांच्या अंगावर रेलली व ती पाडावी लागली. कुटुंबे भर हिवाळ्यात शाळांत व सरकारी जागांत हलविली गेली. सरकारी मोजणीत ८६८ इमारतींस तडे निघाले व त्यांतील १८१ असुरक्षित भागात आढळल्या. औलीचा रोपवेही त्याच महिन्यात बंद करण्यात आला. 'भारताच्या स्वित्झर्लंडा'कडे जाणारी दोरी ज्या जमिनीत रोवली होती ती जमीनच सरकू लागली होती.

बोगद्यामुळे गाव खचले की नाही, याविषयी तंटा आहे. योजना चालविणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे की, बोगदा गावापासून दूर व फार खोलातून जातो. गावकऱ्यांच्या संघर्ष समितीस ते मान्य नाही. त्याचा निवाडा देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु हा निवाडा होण्यासाठी जी माहिती लागते तिचे काय झाले हे पाहा. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीवरून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या एका केंद्राने प्रसिद्ध केले की, २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत गाव ५.४ सेंटिमीटर खचले. ही माहिती लवकरच मागे घेण्यात आली, आणि १३ जानेवारीस राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शास्त्रीय संस्थांस कळविले की, वृत्तपत्रांशी बोलू नये व आकडे जाहीर करू नयेत. त्याने घबराट पसरते. आठ संस्थांनी तयार केलेले अहवाल कित्येक महिने बंद कपाटात राहिले. ते गुप्त ठेवण्याचे कारण दिसत नाही असे उच्च न्यायालयाने म्हटल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये ते बाहेर आले. ज्याच्या घराची भिंत दुभंगली आहे त्याला भिंत किती दुभंगली हे सांगितल्याने तो घाबरेल, या चिंतेचे कौतुक करावे तितके थोडेच! रोग्याची नाडी वैद्याने पाहावी, दरबारास कळवावी आणि रोग्यापासून मात्र चोरून ठेवावी, असा हा प्रकार झाला.

नृसिंहमंदिरातील मूर्तीचा एक हात वर्षानुवर्षे बारीक होत चालला आहे, तो गळून पडेल तेव्हा जय व विजय हे दोन पर्वत एकत्र येतील व बदरीनाथाची वाट मिटेल, अशी त्या भागात आख्यायिका आहे. २०२३ मध्ये पुष्कळांनी ती आठवून उसासे टाकले. आख्यायिकेचे काव्य आम्ही जाणतो. परंतु देवाच्या मनगटावर दोष ढकलून माणसांनी मोकळे होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. देवाने कोणत्याही हॉटेलाचा नकाशा मंजूर केलेला नव्हता.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा: ती हॉटेले बाहेरच्यांनीच बांधली काय? जोशीमठच्या रहिवाशांनीही मजल्यांवर मजले चढविले, त्यांनीही शोषखड्डे खणले, त्यांनाही भाड्याचा मोह सुटला नाही. हे खरे आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु १९७६ चा अहवाल गावाच्या चावडीवर टांगलेला असता, कोणता उतार किती भार सोसतो याचा नकाशा घरोघर ठाऊक असता आणि गटाराची सोय असता लोकांनी तसेच केले असते असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय? ज्याला अंधारात ठेवले त्याने ठेच खाल्ली म्हणून त्यालाच बेसावध ठरविणे हा न्याय नव्हे. शिवाय सरकारच जेथे जड बांधकामे करीत होते, तेथे दोन खोल्या चढविणाऱ्या दुकानदाराने समितीच्या शिफारशी एकट्याने पाळाव्या अशी अपेक्षा करणे थोडे चमत्कारिकच आहे.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य भाषेत केला जातो, आणि तो आपल्या सुशिक्षित वर्गातच अधिक ऐकू येतो. भूगर्भशास्त्र, बोगदे, आंतरराष्ट्रीय क्रीडा या विषयांत पहाडी खेडुतास काय कळते? याचे उत्तर त्या खेडुतांनीच देऊन ठेवले आहे. २६ मार्च १९७४ रोजी पुरुषमंडळी गावाबाहेर असता रैणीच्या गौरादेवी व त्यांच्या सोबतच्या बायका झाडांस बिलगून उभ्या राहिल्या व ठेकेदाराच्या माणसांस त्यांनी परत फिरविले. उतारावरचे जंगल गेले की डोंगर खाली येतो हे त्यांस कोणत्याही समितीआधी ठाऊक होते. लाता येथील ग्रामसभेने ऑक्टोबर २००१ मध्ये पर्यटनाविषयी आपला जाहीरनामाच प्रसिद्ध केला. पर्यटन हवे, पण त्यात कोणाची मक्तेदारी नको; कामात गावच्या लोकांस अग्रक्रम हवा; निसर्ग व संस्कृती यांस बाध येता कामा नये; असा त्याचा आशय आहे. एखाद्या खात्याच्या सचिवाने याहून समंजस टिपण लिहिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. आणि रैणीच्याच एका रहिवाशाने २०१९ मध्ये ऋषिगंगेवरील कामांविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले होते. दीड-दोन वर्षांनी त्याच ठिकाणी काय झाले ते वर सांगितलेच आहे. त्या संकटानंतर रैणी व जोशीमठ येथील पाच जणांनी या योजनांच्या परवानग्या रद्द कराव्या म्हणून अर्ज केला, तेव्हा जुलै २०२१ मध्ये तो फेटाळून, अर्जदारांच्या हेतूविषयी शंका प्रकट करून, न्यायालयाने प्रत्येकास दहा हजार रुपये दंड ठोठावला. तज्ज्ञता कोणाकडे होती हे ठरविण्याचे काम आम्ही वाचकांकडे सोपवितो.

आता त्या मूळ स्वित्झर्लंडाकडे वळू. त्या देशात दोन हजारांहून अधिक स्वायत्त गावे व शहरे आहेत. बहुतेक लहान गावांत मतदार वर्षातून निदान एक-दोनदा प्रत्यक्ष सभेस जमतात, गावचा जमाखर्च मंजूर करतात, आणि कोणत्या जमिनीवर घरे व्हावी व कोणती कुरणासाठी राखावी या आराखड्यावर हात वर करून मत देतात. मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी झेर्मात म्हणून जे जगप्रसिद्ध गाव आहे, तेथे मूळ रहिवाशांच्या सामाईक मंडळाच्या मालकीची हॉटेले आहेत. ज्या ग्राउब्युन्डेन प्रांतात दावोस व संत मोरित्स ही स्थळे येतात, आणि ज्या संत मोरित्सने १९२८ व १९४८ असे दोनदा हिवाळी ऑलिंपिक सामने भरविले, त्या प्रांतातील मतदारांस पुन्हा सामने मागावे काय असे विचारण्यात आले. त्यांनी ३ मार्च २०१३ रोजी 'नको' म्हटले. १२ फेब्रुवारी २०१७ रोजी पुन्हा विचारले, पुन्हा 'नको' म्हटले. सरकार, व्यापारी व हॉटेलवाले अनुकूल असताही तो विषय तेथेच संपला. अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या मतदारांनी तर १९७६ चे सामने डेन्व्हर शहरास मिळालेले असता १९७२ मध्ये खर्चास नकार दिला, व ते सामने ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला हलवावे लागले.

स्वित्झर्लंड म्हणजे स्वर्ग असे आम्हांस सुचवावयाचे नाही. तेथेही धनिकांनी पहाडी गावांत बंगले घेतले, वर्षातील दहा-अकरा महिने खिडक्या मिटलेल्या, आणि गावच्या मुलांस घर घेणे परवडेनासे झाले. म्हणून ११ मार्च २०१२ रोजी साऱ्या देशाने मतदान करून अशा दुय्यम घरांचे प्रमाण कोणत्याही गावात वीस टक्क्यांवर जाऊ नये असा नियम घटनेत घातला. आणि मौज अशी की, पहाडी प्रांतांनीच त्यास कसून विरोध केला होता, कारण बांधकामावर तेथल्या पुष्कळांचे पोट होते. तेव्हा लोकांस विचारले म्हणजे उत्तर नेहमी आपल्या आवडीचेच येते असे नाही. परंतु तेथे वाद उघड झाला, आकडे सर्वांपुढे होते, आणि हरलेल्या पक्षासही आपण का हरलो हे ठाऊक होते. औलीस स्वित्झर्लंड म्हणणाऱ्यांनी त्या देशाचा उतार घेतला, रोपवे घेतला, बर्फ पाडण्याची यंत्रेही घेतली. जिच्या बळावर हे सारे तेथे मर्यादेत राहिले ती गावसभा तेवढी सीमेवर ठेवून आले.

यात आपल्या मध्यमवर्गाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. नाताळच्या सुटीत मुलांस बर्फ दाखविण्यासाठी जी कुटुंबे गुलमर्ग, सोलंग, औली इकडे जातात त्यांत मुंबई-पुणे-नागपूरची मराठी कुटुंबे आता थोडी नाहीत. आणि सहल-कंपन्या जे मागितले जाते तेच पुरवितात. खोलीत चोवीस तास गरम पाणी मिळेल काय, हे आपण आवर्जून विचारतो. ते पाणी खोलीतून कोठे जाते हे विचारल्याचे ऐकिवात नाही. घर भाड्याने देणाऱ्या गावकऱ्याकडे उतरण्याऐवजी उतारावर नव्याने उठलेल्या सहा मजल्यांच्या काचेच्या इमारतीत उतरण्याने आपली प्रतिष्ठा वाढते असे ज्यांस वाटते, त्यांस त्या इमारतीच्या पायाविषयी पर्यटनखात्याशी भांडण्याचा फारसा अधिकार उरत नाही.

शेवटी सांप्रतच्या स्थितीविषयी. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने जोशीमठच्या पुनर्बांधणीसाठी १,६५८ कोटी १७ लाख रुपयांची योजना मंजूर केली. रक्कम मोठी आहे. तीतून गटारे होतील, उतार बांधून निघतील अशी आशा करावयास हरकत नाही. परंतु ही मंजुरी मिळाली त्याच आठवड्यात उत्तराखंडातील नगरपालिकांची मुदत संपली व त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. निवडणुका झाल्या त्या २३ जानेवारी २०२५ रोजी. म्हणजे ज्या काळात गावाचा कोणता भाग राखावा, कोणता सोडावा, कोणत्या कुटुंबांस कित्येक कोस दूर गौचरकडे हलवावे, या प्रश्नांची चर्चा व्हावयाची, त्याच काळात जवळजवळ चौदा महिने गावाकडून बोलण्यास लोकांनी निवडलेले कोणीही नव्हते. आता नगरपालिका आहे. तिच्यापुढे १९७६ चा अहवाल, आठ संस्थांचे अहवाल आणि १,६५८ कोटींचा तपशील सोप्या हिंदीत छापून ठेवावा. सर्व प्रभागांच्या जाहीर सभा व्हाव्या. आणि औलीत नवे हॉटेल, नवा रस्ता किंवा नवा रोपवे या सभांच्या बहुमतावाचून होणार नाही असे देहरादूनने कायद्याने बांधून घ्यावे. हे व्हावयाचे नसेल तर जाहिरातींतून त्या परक्या देशाचे नाव तरी काढून टाकावे. त्या देशाच्या वकिलातीने उद्या याविषयी तक्रार केली तर आम्ही तिच्या बाजूने साक्ष देऊ.